नव्या फोर-स्ट्रोक डर्ट बाइकचं इंजिन ऑइल खातंय? हेड उघडायच्या आधी हे बघा

गाडी नवी आहे किंवा बोअर-पिस्टन नुकतंच बदललंय, हजार किलोमीटरही झालेले नाहीत, आणि यातलं काहीतरी दिसायला लागलंय:

– एक्सिलेटर पिळला की सायलेन्सरमधून निळसर धूर. मागच्या गाडीवाल्याला जळक्या ऑइलचा वास येतो.
– लांब उतारावर एक्सिलेटर सोडून आलात आणि खाली पुन्हा पिळलात की धुराचा एकच लोट.
– ऑइलची पातळी खाली चाललीय, पण जमिनीवर टिपका नाही.
– एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलंय.
– इंजिन रेस होतं, गाडी मात्र तेवढी पळत नाही.
– थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू होते, पण ट्रेलवर गरम असताना बंद पडली की घाम काढते.

हिरोच्या एक्सपल्ससारख्या गाड्या घेऊन माळावर जाणारी मंडळी वाढली. २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला डर्ट बाइक शर्यतींच्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, त्यानंतर थेट शर्यतीच्या गाडीबद्दल विचारणारेही दिसू लागले. गाड्या बदलल्या, तक्रार मात्र तीच: "नवीन इंजिन आहे, तरी ऑइल खातंय." आणि मालक बहुतेक वेळा शपथेवर सांगतो की त्याने गाडी अगदी जपून, चाळिसाच्या वर न नेता चालवली. ते जपणंच नडलेलं असतं. पण तिथे लगेच उडी मारू नका. हेच लक्षण दाखवणारी दहा-पंधरा मिनिटांत सुटणारी कारणं आधी आहेत, आणि ती न बघता हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडलं तर फुकटचं गॅस्केट, पॅकिंग आणि एक दिवस जातो.

धूर नक्की कसला?

हिवाळ्यात सकाळी सुरू केल्यावर पांढरी वाफ निघते आणि सायलेन्सर तापला की थांबते. ते पाणी आहे, सोडून द्या. अगदी कोऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनात जोडणीच्या वेळचं ऑइल असतं, तेही पहिल्या काही मिनिटांत जळून जातं. गाडी आडवी पडली असेल तर (डर्ट बाइक आहे, पडणारच) ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि उचलून सुरू केल्यावर थोडा वेळ धूर येतो. या तिन्हींत बिघाड काही नाही.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. त्याचा रिंगशी (पिस्टनभोवतीची कडी, जी बोअरला म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला टेकून ऑइल खाली ठेवते) संबंध नाही, निदान अजून तरी नाही. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, गोडसर वास येत असेल आणि गाडी रेडिएटरवाली असेल, तर कूलंट आत जातंय. पुढचं वाचू नका, गाडी बंद करा आणि शेवटच्या भागाकडे जा.

उरला निळा. तो कधी येतो हे नीट बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. मित्राला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही मागून दुसऱ्या गाडीवर या. आपल्याच गाडीचा धूर आरशात दिसत नाही. चढावर, लोड असताना पिळल्यावर सलग येत असेल तर संशय रिंगवर. उतारावर एक्सिलेटर सोडल्यानंतर, किंवा रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारा रबर) किंवा गाइडवर (तो दांडा ज्या नळीत सरकतो ती). एक्सिलेटर बंद असताना इनटेकमध्ये खेच तयार होते आणि सैल सीलमधून ऑइल आत ओढलं जातं, म्हणून तसं.

ऑइलची पातळी: फुकटातली तपासणी

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे ऑइल जास्त भरलेलं असणं. "थोडं वर असलं तर बरं" ही समजूत चारचाकीतही चुकीची आणि लिटरभर ऑइलवर चालणाऱ्या सिंगल सिलिंडरात तर फारच. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, तो ब्रीदर पाइपातून एअर बॉक्समध्ये जातो आणि तिथून परत इंजिनात जाऊन जळतो. म्हणजे धूर येतो, पातळी खाली जाते, मालक घाबरून आणखी ऑइल ओततो.

पातळी बघायची रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते आणि ती गाडीगणिक वेगळी आहे. काही गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण आवळून, काहींत काचेच्या डोळ्यातून. आटे फिरवायचे की नाही एवढ्यावरून पातळीत चांगला फरक पडतो. गाडी साइड स्टँडवर नको, सरळ उभी हवी. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, ऑइल खाली उतरायला पुन्हा दोन-तीन मिनिटं द्या आणि मग बघा.

काडी बाहेर काढली आहे तर नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास येतोय का? आणि पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय का? तसं असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर फ्लोटची सुई गळत असते. इंजेक्शनची असेल तर बहुधा ती दररोज पाच मिनिटंच चालवली जाते आणि कधी नीट गरमच होत नाही. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बोअरवरचा थर धुऊन नेतं, आणि नव्या रिंगांना याहून वाईट काही नाही. कारण दुरुस्त करून ऑइल बदला. फक्त ऑइल बदललंत तर महिन्याभरात पुन्हा तेच.

ऑइल कुठलं आहे?

डबा शोधा आणि मागचं बारीक वाचा. बहुतेक डर्ट बाइकमध्ये इंजिन आणि क्लचला एकच ऑइल असतं, त्यामुळे जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कमी घर्षणाचं. ते किंवा कारचं ऑइल पडलं तर क्लच प्लेटा सटकतात. "इंजिन रेस होतं पण पळत नाही" हे लक्षण असलेल्या गाड्यांत मी पहिल्यांदा हेच बघतो. लोक कॉम्प्रेशन गेलं म्हणून रडत येतात आणि दोष ऑइलच्या डब्यात निघतो. ग्रेडही पुस्तकातलाच ठेवा. १०डब्ल्यू-३० सांगितलं असताना "आपल्याकडे ऊन फार" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नका.

सिंथेटिक की मिनरल यावर रात्र घालवता येईल. माझं मत सरळ आहे: कंपनीतून आलेल्या कोऱ्या गाडीला कंपनी सांगते तेच, गॅरेजमध्ये बांधलेल्या इंजिनाला रिंग बसेपर्यंत साधं मिनरल. वरून कुठलंही "घर्षण कमी करणारं" औषध टाकू नका. रिंग बसायला थोडं घर्षण लागतं, तेच तुम्ही मारून टाकता.

आणि पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकायचा सल्ला. आरएक्स १०० आणि राजदूतच्या काळातला माणूस तो अगदी प्रेमाने देतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्याचा धूर निळाच येतो, प्लग आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरतो, आणि मग धूर रिंगचा की टूटीचा हे कुणालाच सांगता येत नाही. टाकलं असेल तर टाकी रिकामी करून साध्या पेट्रोलवर दोन टाक्या चालवा, मगच पुढचं निदान.

एअर फिल्टर आणि इनटेकचा रबर

इथे स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्चएवढाच खर्च आहे. फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या रबरी नळीत, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, स्वच्छ पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ आलं पाहिजे. तांबूस रेघ उमटली, दाताखाली घेतल्यासारखी कचकच लागली, तर धूळ आत जातेय. मुरमाची धूळ म्हणजे वाळूच. नव्या रिंगा ती काही तासांत खाऊन टाकते.

फोमचा फिल्टर असेल तर त्याला फिल्टर ऑइल लावलेलं हवं, कोरडा फोम धूळ अडवत नाही. पेट्रोलने धुऊ नका, जोड सुटतात. रॉकेल किंवा फिल्टर क्लीनर, मग साबणाचं पाणी, पूर्ण सुकवून ऑइल, आणि पिळून जास्तीचं काढून टाका. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. फिल्टर चांगला असूनही रेघ दिसत असेल तर क्लॅम्प ढिला आहे किंवा रबराला चीर गेलीय. रबर वाकवून बघा, नुसतं वरून दिसत नाही.

डब्यात ऑइल साचलं असेल तर ब्रीदर पाइप शेवटपर्यंत हाताने तपासा. सीटखाली दबलेला किंवा चिखलाने बुजलेला असेल तर क्रँककेसचा दाब दुसरीकडून वाट काढतो आणि ऑइल वर ढकलतो.

रिंग बसलीय का?

वरचं सगळं ठीक निघालं आणि लोडवर निळा धूर कायम आहे, तर आता मूळ आजार.

नव्या बोअरला होनिंगच्या (दगडाने घासून काढलेल्या) तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. त्यात ऑइल धरून राहतं आणि त्या रेघांच्या टोकांवर घासून रिंग बोअरच्या आकाराची होते. पण रिंग बोअरवर दाबली जाते ती स्वतःच्या ताणाने थोडी आणि जळणाऱ्या वायूच्या दाबाने जास्त. स्फोटाचा दाब रिंगच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर ढकलतो. एक्सिलेटर जेमतेम उघडा असेल तर हा दाबच तयार होत नाही. रिंग बोअरवर नुसती सरकत राहते, मागे उरलेलं ऑइल उष्णतेने करपतं आणि त्याचा चकचकीत थर रेघांत भरून बसतो. बोअर काचेसारखा गुळगुळीत झाला की रिंगला धरायला काही उरत नाही, आणि मग गाडी कितीही चालवा, ऑइल खातच राहते.

म्हणून स्टँडवर उभी करून तासभर चालू ठेवणं, किंवा टॉप गिअरमध्ये चाळिसाने घोगऱ्या आवाजात रेटणं, हे दोन्ही रन-इन (नवं इंजिन रुळवणं) नव्हे. एअर-कूल्ड इंजिनाला तर स्टँडवर वाराही मिळत नाही. उलट टोकाचे वीरही आहेत: पहिल्याच दिवशी समुद्राच्या मऊ वाळूत किंवा गुडघाभर चिखलात, पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पिळून. तिथे पिस्टन इतका तापतो की रिंग बसायच्या आधी स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) ओरखडे पडतात.

इंजिन अजून नवं असेल, काहीशे किलोमीटरच्या आतलं, तर उघडण्याआधी एक संधी द्या. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. बाहेर काढलेलं ऑइल फेकू नका, ते पुढे लागणार आहे. गाडी सावकाश चालवत नीट गरम करा. मग मोकळा रस्ता किंवा लांब चढ बघून तिसऱ्या गिअरमध्ये, मधल्या आरपीएमवरून एक्सिलेटर अर्धा ते पाऊण उघडा, वेग वाढू द्या, लाल पट्टीच्या बऱ्याच अलीकडे थांबा, आणि एक्सिलेटर पूर्ण सोडून गाडी गिअरवरच हळू होऊ द्या. पिळताना रिंग बोअरवर दाबली जाते. सोडल्यावरच्या खेचीने ऑइल वर येतं आणि घासून निघालेली धातूची पूड धुऊन नेतं. असं आठ-दहा वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं आरामात चालवून. नंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हात टेकला तर गार लागेल इतकं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच आरपीएमवर कुठेही रेंगाळायचं नाही.

दोन-तीनशे किलोमीटर असं चालवून धूर आणि ऑइलची घट स्पष्ट कमी झाली तर रिंग बसतेय, चालू ठेवा. काहीच फरक नाही तर थर पक्का झालाय, आणखी रेटण्यात अर्थ नाही.

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिल्या दिवसापासून हीच रीत. फरक इतकाच की आधी दोन-तीनदा नुसतं सुरू करून, फिन कोमट होईपर्यंत हलकं रेस ठेवून, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि गळती बघायची. पहिलं ऑइल लवकर काढा. शर्यतीच्या गाड्यांत पहिली सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात, आणि ती पहिल्या काही तासांतच येते. ती उगाच नसते.

काढलेलं ऑइल वाचा

पांढऱ्या पसरट डब्यात ओता आणि उन्हात बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पूड असणं नव्या इंजिनात अपेक्षित आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, चकत्या, तुसं नकोत. ऑइलमध्ये तरंगणारी चांदीसारखी चमक चुंबकाला चिकटत नसेल तर ती ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनकडे बोट. पिवळसर चमक बुशची. ऑइल फिल्टर असेल तर कापून त्याच्या घड्या उघडून बघा, मोठे तुकडे तिथेच अडकतात.

टॅपेट

गरम असताना सुरू न होणं हे लक्षण असेल तर मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून इथे यायला हरकत नाही. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटवर बसत जातो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली) कमी होते. गरम झाल्यावर ती शून्यावर येते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. आवाज करणाऱ्या टॅपेटची सगळे तक्रार करतात. धोक्याचा असतो तो गप्प बसलेला.

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वर आणा, खूण जुळवा, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतायत याची खात्री करा आणि फिलर गेज घाला. मापं पुस्तकातली. स्क्रू-नटचा टॅपेट असेल तर घरी जमतं. शिमवाली (जिथे फट चकतीच्या जाडीने ठरते ती) गाडी असेल तर फट मोजण्यापर्यंत तुमचं काम. कॅम काढून शिम बदलणं टायमिंगची सवय नसेल तर करू नका. टायटॅनियम व्हॉल्व्ह असलेल्या शर्यतीच्या गाडीत फट सेट करूनही पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडावरचा कडक थर गेलाय. शिम बदलत बसू नका, व्हॉल्व्ह बदला.

कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन

कॉम्प्रेशन गेज भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळतो. काढलेला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर कॉइल किंवा ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) फटका बसतो. एक्सिलेटर पूर्ण उघडा, आकडा घ्या. मग प्लगच्या भोकातून चहाचा लहान चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगेतून, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

एक गोम आहे. अनेक डर्ट बाइकमध्ये सुरू करायला सोपं जावं म्हणून ऑटो डीकॉम्प्रेशन (सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा) असतं, आणि त्यामुळे धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं. अशा गाडीत कमी आकडा बघून कुणी बोअर किटचा खर्च सांगितला तर लीक-डाउन टेस्ट मागा. त्यात पिस्टन वर आणून कॉम्प्रेसरची हवा आत सोडतात आणि ती कुठून निघते ते ऐकतात: सायलेन्सरमधून सुसू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा सोडताना इंजिन गर्रकन फिरू शकतं, किकपासून पाय लांब ठेवा.

इथे थांबा

ऑइलचा लाल दिवा चालू असताना गाडी "घरापर्यंत" नेऊ नका, तिथेच बंद करा आणि टेम्पो बोलवा. ठणठण असा खोल धातूचा आवाज, ऑइलमध्ये चकत्या, कूलंटमध्ये बुडबुडे किंवा ऑइल दुधाळ होणं, आणि चालताना इंजिन एकदम जाम होणं, यातलं काहीही झालं तर घरचे प्रयोग संपले. जाम झालेलं इंजिन गार झाल्यावर फिरतंय म्हणून पुन्हा सुरू केलं तर फक्त पिस्टनवर निभावलं असतं ते बोअरवर जातं.

उघडायची वेळ आलीच तर काम अशा माणसाला द्या ज्याच्याकडे बोअर गेज आहे. नुसत्या नखाने चाचपून "ठीक आहे" म्हणणारा नको. बोअर कास्ट आयर्नचा असेल तर पुन्हा होनिंग आणि नवीन रिंगा यावर बरेचदा भागतं. निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कडक थर असलेला सिलिंडर मात्र लेथवाल्याकडे बोअर करायला टाकू नका; तो थर गेला की सिलिंडर गेला. रिंगेची गॅप बोअरमध्ये ठेवून मोजायला सांगा, अक्षराची खूण वरच्या बाजूला आहे आणि रिंगांची तोंडं एका रेषेत आलेली नाहीत हे डोळ्यांनी बघा. उलटी बसलेली दुसरी रिंग ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते, आणि असं इंजिन कितीही उत्तम रन-इन केलं तरी धूर मारणारच.

गाडी वॉरंटीत असेल तर हेडच्या बोल्टला पाना लावू नका, टॅपेट कव्हरही सर्व्हिस सेंटरलाच उघडू द्या. तोवर एक काम करा: खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटरचा आकडा आणि पातळी यांचा फोटो काढा, पाचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं ते मोजा. जॉब कार्डवर "धूर येतो" एवढंच लिहू देऊ नका. किती किलोमीटरला किती ऑइल, धूर पिळताना की सोडल्यावर, हे लिहून घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.